भडंगाच्या पुडीतला कागद

गुरुवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी रेवती इंगवलेने भडंगाचा शेवटचा बकाणा भरला, रिकामी पुडी उलगडून टेबलावर सपाट केली आणि तिच्यावरचा मजकूर वाचला. पुढचं सगळं रामायण एवढ्यावरून झालं.

कानशिलाशी चष्मा दोनदा थरथरला. काचेच्या कोपऱ्यात हिरवी अक्षरं उमटली: 'वाचन पूर्ण. आकलन चौऱ्याहत्तर. निर्णयाची मुदत शनिवार, दुपारी एक वाजून दहा.'

चुरमुरे तिच्या तोंडात तसेच राहिले. कागद तिच्याच कंपनीचा होता. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतली कणसे लिफ्ट्स, तीनशे चाळीस माणसांची कंपनी, आणि रेवती तिची विधी अधिकारी. पुडीत कुठल्याशा चाचणी अहवालाचा उजवीकडचा खालचा कोपरा तेवढा आला होता. त्यावर बारीक टाइपात लिहिलं होतं: 'टीप. दमट हवेत अकराशे तासांनंतर ब्रेकच्या अस्तराचा गोंद सुटतो. अकरापैकी सात नमुने निकामी. किनारपट्टीवरच्या लिफ्ट तपासल्याशिवाय वापरू नयेत.'

या चष्म्याचं प्रकरण जरा सांगायला हवं. वाचताना माणसाचा डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही, उड्या मारत जातो. दर उडीनंतर पाव सेकंद थांबतो. मजकूर कळत नसला तर तो कुठेही थांबतो. कळत असला तर कामाच्या शब्दावर रेंगाळतो, मागे जाऊन खात्री करून येतो. शिवाय डोक्याला काम पडलं की उजेड तेवढाच असूनही डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. शास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. नवं एवढंच झालं की हरभऱ्याएवढ्या कॅमेऱ्याने हे सगळं मोजून, समोरचा मजकूर माणसाला कितपत कळला याचा शंभरपैकी आकडा काढता येऊ लागला. सत्तरच्या वर गेलात की न्यायालयाच्या लेखी तुम्हाला ती गोष्ट माहीत आहे.

मग जाणीव कायदा आला. त्याआधी एका मोठ्या दुर्घटनेच्या खटल्यात अकरा अधिकाऱ्यांनी ओळीने एकच उत्तर दिलं होतं, 'फाइल आली होती, पण मी वाचली नव्हती.' देश खवळला होता. नव्या कायद्याने प्रत्येक जबाबदार अधिकाऱ्याला कारखान्याच्या फाटकातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत चष्मा सक्तीचा केला. धोक्याची गोष्ट वाचली, की अठ्ठेचाळीस तासांत निर्णय नोंदवायचा. एक तर उपाय करायचा, नाही तर का करत नाही ते आपल्या नावानिशी लिहायचं. गप्प बसलात आणि पुढे काही घडलं, तर तुरुंग.

कायदा करणाऱ्यांना वाटलं, आता साहेब लोक फाइली वाचायला लागतील. साहेब लोकांनी वाचायचंच सोडून दिलं. कंपन्याकंपन्यांत नजर-शिस्तीचे वर्ग निघाले. कागद आला की छताकडे कसं बघायचं, अक्षरांवरून नजर न थांबवता कशी फिरवायची, सही करताना फक्त सहीची रेघ कशी बघायची, हे शिकवणारे तज्ज्ञ गाडी करून येऊ लागले. सगळा कारभार तोंडी सुरू झाला, कारण ऐकलेलं मोजता येत नव्हतं. 'कानाला बाहुली नसते' अशी म्हणच पडली. चार बुकं शिकलेली माणसं अडाण्यासारखी एकमेकांच्या कानाला लागू लागली.

रेवतीला हे कधी नीट जमलंच नाही. छापलेलं दिसलं की तिला वाचायचंच असायचं. औषधाच्या बाटलीवरचं, बसच्या तिकिटामागचं, पुडीवरचं. म्हणून तर कॅन्टीनमध्ये कंपनीची रद्दी वापरायची नाही, बाहेरून जुनी वर्तमानपत्रं आणायची, असा सक्त नियम होता.

"आक्का, हा कागद कुठनं आला?" तिने कॅन्टीनच्या आक्काताईंना विचारलं.

"बापू मगदूम देऊन गेला की सकाळी. पेपर सरल्याला, तर म्हटला ह्यात बांध." आक्कांनी तिचा चेहरा बघितला. "का गं बाई? मी काय वाचतो होय त्यातलं?"

बापू मगदूम चाचणी विभागात तीस वर्षं होते. ते कामगार, जबाबदार अधिकारी नव्हेत. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता आणि त्यांना काय माहीत आहे याच्याशी कायद्याला देणंघेणं नव्हतं. रेवती तरातरा त्यांच्या खोलीत गेली. यंत्रावर लोखंडी चाक फिरत होतं आणि बापू हात पुसत जणू तिचीच वाट बघत उभे होते.

"तुम्ही मुद्दाम केलंत."

"व्हय," बापू म्हणाले. एवढं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. "सहा म्हैनं झालं ताई, वाचायला मानूस हुडकतोय. धा प्रती काढल्या. ज्येच्या टेबलावर ठेवावी, त्यो पंख्याकडं बघतोय. तोंडानं सांगितलं तर म्हणत्यात, ऐकलं बापू, जावा. मग ध्यानात आलं, ह्या कारखान्यात पुडीसुदीक वाचणारं एकच मानूस हाय."

"माझ्या गळ्यात का बांधलंत हे? मी तुमचं काय वाकडं केलंय?"

"काय बी न्हाई. तुमच्या गळ्यात न्हाई बांधलं तर कुणाच्या बांधू?"

मग त्यांनी तिला दाखवलं. वीज थांबली की स्प्रिंग दोन पट्ट्या चाकावर दाबते आणि लिफ्टचा डबा आहे तिथे धरून ठेवते. त्या पट्ट्यांचं अस्तर गोंदाने चिकटवलेलं. चाचणीतले अकराशे तास म्हणजे बाहेरचे तीन पावसाळे; तेवढी ओल खाल्ली की गोंद फुगतो, अस्तर सरकतं आणि पकड जाते. दोर तुटून डबा कोसळू नये म्हणून वेगळी सोय असते, तिला काही होत नाही. पण मजल्यावर दार उघडं असताना डबा हलू न देणारा हा ब्रेकच. तो सुटला की निम्मा माणूस आत, निम्मा बाहेर, आणि डबा निघाला.

"कोकणात अशा किती आहेत?"

"दोनशे बारा. त्यातले एकतीस दवाखाने."

बोलत बोलत ते तिला जिन्यापर्यंत सोडायला आले. रेवतीचं लक्ष समोरच्या लिफ्टकडे गेलं. जेवणाची सुट्टी संपली होती, लोक वर निघाले होते, आणि सगळे जिना चढत होते. लिफ्ट रिकामी, दार उघडं. हिशेब विभागाच्या जाडजूड बाईसुद्धा कठड्याला धरून धापा टाकत होत्या.

"ह्यो बी त्योच ब्रेक," बापू हळूच म्हणाले. "समद्यांच्या कानावर हाय, ताई. फकस्त कुणी वाचल्यालं न्हाई."

आणि मग रेवतीला अण्णा आठवले. अण्णा म्हणजे दत्ताजी कणसे, कंपनीचे मालक, वय पंच्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तरी गेले सहा महिने रोज तिसऱ्या मजल्यावरच्या केबिनपर्यंत जिना चढून जात. कुणी विचारलं तर म्हणत, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. सगळे कौतुक करत. रेवतीनेही केलं होतं.

शुक्रवारी सकाळी अण्णांनी स्वतः न बोलावता नजर-शिस्तीच्या डॉक्टर सबनीसांना तिच्याकडे पाठवलं. अण्णांच्या कानावर गेलं होतं तर. सबनीस हसतमुख गृहस्थ. त्यांनी खुर्ची ओढली आणि मजेत पाय लांब केले.

"चौऱ्याहत्तर म्हणजे काठावर आहात, मॅडम. सत्तर ते ऐंशीच्या आकड्यावर व्यत्यय-निवेदन देता येतं. तुम्ही काय खात होता?"

"भडंग."

"झालं तर मग! तिखटाने डोळ्यांत पाणी येतं, बाहुली मोठी होते. यंत्राला वाटलं तुम्हाला मजकूर कळला. प्रत्यक्षात तुम्हाला मिरची लागली. मी तसा दाखला देतो. तुम्ही फक्त लिहायचं की मजकुराचा अर्थ माझ्या ध्यानात आला नाही. नोंद रद्द. ज्या क्षणी नोंद रद्द झाली त्या क्षणी, कायद्याने, तुम्हाला काही माहीत नाही."

"आणि खरंच माहीत असेल तर?"

सबनीसांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मॅडम, माहीत कुणाला नसतं?"

निवेदनाचा छापील नमुना ते ठेवून गेले. तो दिवसभर टेबलावर राहिला. रेवतीने त्यावर हातरुमाल टाकला, तरी ती दर पाच मिनिटांनी रुमालाकडे बघत होती. मुदत संपायला सत्तावीस तास, मग पंचवीस, मग बावीस. फोन वाजला की तिला वाटायचं, चिपळूणहून असेल, मालवणहून असेल, कुठल्या तरी दवाखान्यातून असेल. निवेदन दिलं तर उद्यापासून ती मोकळी होती. निर्णय नोंदवला तर दोनशे बारा लिफ्ट त्याच दिवशी बंद आणि दुरुस्ती होईपर्यंत कंपनीचा परवानाही बंद. एकदा परवाना गेलेली लिफ्टची कंपनी पुन्हा उभी राहिल्याचं तिने ऐकलं नव्हतं. तीनशे चाळीस घरं, आणि एक अण्णा.

अण्णांचं तिच्यावर ऋण होतं, आणि तेही पैशात न मोजता येणारं. तिचे वडील याच कारखान्यात टर्नर होते. ती अकरा वर्षांची असताना ते वारले. आई कामावर लागली आणि शाळा सुटल्यावर रेवती कारखान्यात येऊन बसायची. अण्णा तिला स्टुलावर बसवून यंत्रांची ड्रॉइंग वाचायला शिकवायचे. "वरचं सगळं दाखवायचं असतंय," ते म्हणायचे. "खरं काय ते खाली उजव्या कोपऱ्यात, टिपेत असतंय. आधी टीप वाच, मग चित्र बघ." ती सवय तिला तिथे लागली. पुढे कायद्याच्या शिक्षणाला तिला पुण्यात ठेवलं तेही अण्णांनीच.

संध्याकाळी घरी आईने तिला खोदून खोदून विचारलं. रेवतीने सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती.

"त्या माणसाच्या अन्नावर आपण जगलो," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण उद्या मला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर जिन्यानंच ने, बाई."

शनिवारी साडेबाराला रेवती अण्णांच्या केबिनमध्ये गेली. एका हातात निवेदनाचा नमुना, दुसऱ्यात तेलकट कागद. तो कागद तिने मुठीत घट्ट धरला होता. अण्णांनी चष्म्याआडून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हाताकडे नाही.

"सही केलीस?"

"नाही अण्णा."

"कर, पोरी. मी गोंद बदलणारच हाय. पुढच्या मालाला नवीन गोंद, जुन्याला दुरुस्तीच्या निमित्तानं हळूहळू. वर्षभरात कुणाला कळणार बी न्हाई. परवाना गेला तर ही माणसं कुठं जातील, सांग बरं? तुझ्या बापाच्या जोडीचे चौघं अजून खाली हायत."

"वर्षभरात कुणाचा पाय अडकला तर?"

"सहा म्हैन्यांत अडकला का?"

"सहा महिने तुम्ही जिना चढताय, अण्णा."

अण्णांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. खाली कुठेतरी लोखंड कापल्याचा आवाज येत होता. रेवतीचं रडू फुटायच्या बेतात होतं, आणि रडायचं नाही म्हणून ती भराभर बोलली.

"मी सही करते. तुम्ही म्हणाल तिथे करते. फक्त तुम्ही हा कागद वाचा, आणि वाचून मला सांगा की रेवती, सही कर. कानाने ऐकून नाही. वाचून."

तिने पुडीचा कागद त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी सपाट केला.

अण्णांनी तत्क्षणी मान वर केली. चार वर्षांची नजर-शिस्त होती ती. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले, मग खिडकीकडे, मग पंख्याकडे. घड्याळात बारा एक्केचाळीस झाले. बारा त्रेचाळीस. रेवती उभीच होती. म्हाताऱ्याच्या मानेची शीर ताठलेली तिला दिसत होती. तिला त्यांची दया आली, लाज वाटली, आणि तरी तिने कागद उचलला नाही.

अण्णांनी पाण्याचा पेला घ्यायला हात पुढे केला. पेला कागदाच्या पलीकडे होता. त्यासाठी त्यांना खाली बघावं लागलं, एवढंच. पण साठ वर्षं ड्रॉइंग वाचलेला डोळा तो. समोर कागद आला की आधी उजव्या खालच्या कोपऱ्यात जाणारा. तो गेला. थांबला. एक उडी मागे आला आणि पुन्हा गेला.

अण्णांच्या चष्म्यात हिरवी अक्षरं उमटलेली तिला उलटी दिसली. आकडा तेवढा कळला. सत्त्याण्णव.

पेला राहिला तिथेच. अण्णांनी कागद उचलून डोळ्यांजवळ धरला आणि सावकाश, ओठ हलवत, सगळा वाचला. दुसऱ्यांदा वाचला. "अकरापैकी सात," ते म्हणाले. कानावर आलेली गोष्ट त्यांना पहिल्यांदाच कळावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. "मला म्हटले होते एखाद-दुसरा सुटतोय. सात म्हंजे... अगं, सात म्हंजे सगळेच की."

त्यांनी कागद खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"तू मला मुद्दाम वाचायला लावलंस."

"हो अण्णा."

"आणि तुला?"

"बापूंनी."

अण्णा मान हलवत राहिले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. बापूंनी आपल्याशी जे केलं त्याबद्दल ती दोन दिवस त्यांना शिव्या घालत होती, तेच तिने या माणसाशी केलं होतं, ज्याने तिला वाचायला शिकवलं त्याच्याशी. हे तिला आयुष्यभर पुरणार होतं.

"मला आता अठ्ठेचाळीस तास हायत," अण्णा म्हणाले. "त्यात मी आणखी कुणाला तरी वाचायला लावू शकतो. त्यो आणखी कुणाला." त्यांनी निवेदनाचा नमुना उचलला, दोनदा घडी घातली आणि खणात टाकला. "ऱ्हाऊ दे. हितंच थांबू दे. तुझी किती मिनिटं राहिली?"

"तेवीस."

"लिही मग. खाली माझं बी नाव घाल."

तिने लिहिलं. दोनशे बारा लिफ्ट, तत्काळ बंद. कारण एका ओळीत. एक वाजायला सहा मिनिटं असताना नोंद झाली आणि चष्मा एकदा थरथरून शांत झाला. सरकारी आदेश सगळ्या इमारतींपर्यंत पोचायला संध्याकाळ होणार होती. अण्णांनी कोकणातल्या लिफ्टची यादी दोघांच्या मध्ये ठेवली, टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला, स्वतःचा खिशातून काढला. "दवाखाने आधी. तू वरनं सुरू कर, मी खालनं करतो."

यादीतलं पहिलं नाव किनाऱ्यावरच्या एका गावातलं पाच मजली रुग्णालय होतं. खूप वेळाने पहारेकऱ्याने फोन उचलला.

"मी कणसे लिफ्ट्समधनं बोलतेय. तुमची लिफ्ट आत्ताच्या आत्ता बंद करा."

"आत्ता? ओ ताई, आत्ता कशी बंद करू? पेशंट हा. बाय बाळंतीण हा, शस्त्रक्रियेला खाली न्यायची हा. स्ट्रेचर दारातच हा आमचा."

"आत गेलाय का?"

"चाकां आत गेली, निम्मा बाहेर..."

"मागे घ्या!" रेवती एवढ्या मोठ्याने ओरडली की अण्णा अर्धवट उठले. "मागे ओढा आधी. बोलू नका, ओढा!"

पलीकडून काहीतरी घासल्याचा आवाज आला, कुणीतरी बाई ओरडली, मग पहारेकऱ्याचा श्वास. "घेतला. घेतला मागे. काय झाला काय?"

"ब्रेक खराब आहे. जिन्याने न्या त्यांना. उचलून न्या."

"चार मजले?"

"चार मजले. फोन ठेवू नका, खिशात असू द्या."

मग बराच वेळ तिने काहीच केलं नाही, नुसतं ऐकलं. माणसं गोळा झाली. "पायाकडना धरा", "हळू रे", "वळण इला, वळण". पायऱ्यांवर चपला वाजत होत्या. मध्येच आवाज थांबला आणि रेवतीने फोन कानाशी दाबला; मग पुन्हा चपला वाजू लागल्या. अण्णा समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, हातातला फोन तसाच. तिने एक बोट वर केलं, एक मजला. मग दोन. मग तीन.

"पोचलो ताई," शेवटी पहारेकरी म्हणाला. तो धापा टाकत होता. "खाली इलो. नेली बायेक आत. डॉक्टर इचारतंत, ता लिफ्टीचा तुमका कधी कळला?"

रेवतीने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान खाली घातली नाही.

"सहा महिने झाले," ती म्हणाली. मग फोन ठेवून तिने यादीतल्या दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.